नकाशा आणि गणित: संकटातले पक्षी वाचवताना दोन्ही का लागतात

रानपिंगळा हे मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलात राहणारं एक लहानसं घुबड. १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं ते कुणालाही खात्रीने दिसलं नाही. शोध झाला नाही असं नाही. पण शोधणाऱ्यांपुढे एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमधल्या मांडवीला हा पक्षी मिळवल्याचं सांगितलं होतं. सगळ्यांत अलीकडची नोंद तीच, म्हणून तिला मान मिळाला. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले नमुने बारकाईने तपासले आणि वेगळंच निघालं. तो पक्षी एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच कुणी गोळा केलेला होता. माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरला, त्याचं कातडं पुन्हा नव्याने भरलं आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली. ती नोंद बाजूला काढून, फक्त खऱ्या जुन्या नमुन्यांची ठिकाणं धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला.

नकाशावरचा एक ठिपका खोटा असला तर काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

धोक्यात आलेल्या पक्ष्याबद्दल सुरुवातीलाच दोन प्रश्न पडतात. तो राहतो कुठे, आणि आणखी कुठे राहू शकेल? आणि त्याची संख्या घटत असेल तर आयुष्याच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर पक्षी कमी पडताहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर अधिवासाच्या नकाशात शोधतात. दुसऱ्याचं उत्तर जन्म-मृत्यूच्या हिशेबात मिळतं. अभ्यासक त्याला पॉप्युलेशन मॉडेल म्हणतात. नकाशा करणारे बऱ्याचदा उपग्रहाच्या चित्रांसमोर बसलेले असतात आणि हिशेब करणारे घरटी मोजत, पक्ष्यांच्या पायांत कड्या घालत फिरत असतात. या दोघांची गाठ पडली नाही तर पैसा आणि वर्षं भलत्या ठिकाणी खर्च होतात, आणि काही पक्ष्यांकडे तेवढी वर्षं नसतात.

नकाशा कसा तयार होतो

पक्षी जिथे दिसला तिथे ठिपका देणं ही फक्त सुरुवात. कुठलाच पक्षी सगळीकडे शोधला गेलेला नसतो, म्हणून दोन ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागेबद्दल अंदाज करावा लागतो. त्यासाठी दुसरी माहिती घेतात: उंची, पाऊस, तापमान, झाडोरा, गवत, पाण्यापासूनचं अंतर, रस्ते, शेती. यातली बरीचशी उपग्रहांमुळे मिळते. लँडसॅट मालिकेतले उपग्रह १९७२ पासून जमिनीची चित्रं घेत आहेत, त्यामुळे एखादं माळरान किंवा जंगल पन्नास वर्षांपूर्वी कसं होतं हेही बघता येतं. २०१५ पासून फिरणाऱ्या सेंटिनल-२ च्या चित्रांत १० मीटर लांब-रुंद तुकडा वेगळा ओळखता येतो. झाडांची उंची आणि फांद्यांचे थर लेझरने मोजता येतात. घुबडासारख्या पक्ष्याच्या बाबतीत ही माहिती फार मोलाची, कारण वरून हिरवी दिसणारी दोन जंगलं आतून अगदी वेगळी असू शकतात.

मग संगणक तुलना करतो. पक्षी सापडला त्या जागांवरची परिस्थिती एकीकडे, आणि त्या सगळ्या प्रदेशातली सर्वसाधारण परिस्थिती दुसरीकडे. पक्ष्याच्या जागा कशात वेगळ्या आहेत ते त्यातून काढायचं आणि नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाला त्या वेगळेपणानुसार एक आकडा द्यायचा. २००६ साली मांडलेली मॅक्सएंट ही पद्धत यासाठी जगभर वापरली जाते, कारण तिला पक्षी ‘नव्हता’ अशा जागांची यादी लागत नाही. ‘होता’ एवढ्यावर तिचं काम चालतं.

हा आकडा पक्षी तिथे आहे असं सांगत नाही. इथली परिस्थिती पक्षी सापडलेल्या जागांसारखी आहे, इतकंच सांगतो. बातम्यांमध्ये मात्र असा रंगीत नकाशा ‘इथे इतके पक्षी आहेत’ अशा थाटात छापला जातो, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. गडद रंगाच्या चौकोनात पक्षी अजिबात नसेल, कारण मधली नदी किंवा शहर ओलांडून तो तिथे कधी पोहोचलाच नसेल. किंवा तिथे त्याची शिकार होत असेल, आणि शिकार उपग्रहाला दिसत नाही.

दुसरी अडचण माणसांची. पक्षी बघणारे रस्त्याने जातात, सुट्टीच्या दिवशी जातात, जिथे हमखास काही दिसतं तिथे पुन्हा पुन्हा जातात. सगळ्या नोंदी रस्त्यालगतच्या असल्या तर संगणक निष्कर्ष काढतो की या पक्ष्याला रस्ते आवडतात. म्हणजे पक्ष्याचा नकाशा करायला घेतला आणि झाला बघणाऱ्यांचा. यावर उपाय आहेत. एकाच ठिकाणच्या नोंदींची गर्दी विरळ करतात, किंवा तुलनेसाठीच्या जागाही बघणारे जिथे फिरले त्याच भागातून निवडतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्डवर, म्हणजे पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर, यादी भरताना, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, असा प्रश्न विचारतात तो याचसाठी. उत्तर ‘हो’ असेल तर यादीत नसलेला पक्षीही माहिती देतो. कुणी दोन तास फिरून फक्त साळुंक्या, कावळे आणि होले लिहिले असतील, तर ती कंटाळवाणी वाटणारी यादीही नकाशा करणाऱ्याला हवी असते.

तरीही ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यात अंतर राहतंच. समजा, एखादा बुजरा पक्षी तो राहत असलेल्या जागीसुद्धा एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. तीन फेऱ्या केल्या तरी तो तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. असे शंभर तुकडे तपासले आणि सगळ्यांत पक्षी असला, तरी चौतीस तुकड्यांपुढे आपण ‘रिकामा’ असं लिहून येणार. सहा फेऱ्या केल्या तर हा आकडा बारावर येतो. २००२ साली डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी एक रीत मांडली. प्रत्येक जागी अनेक फेऱ्या करायच्या आणि ‘दिसला, नाही, दिसला’ अशा नमुन्यांवरून हुकण्याचं प्रमाणच मोजून ते हिशेबात धरायचं. एखादा तुकडा विकासकामासाठी सोडायचा की राखायचा, हे बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्यांच्या अहवालावर ठरतं. वरचा हिशेब माहीत असलेल्या माणसाला तसा अहवाल वाचून झोप लागणार नाही.

जेर्डनच्या धाविकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आंध्र प्रदेशातल्या झुडपी रानात राहणारा हा निशाचर पक्षी नामशेष झाला असंच मानलं जात होतं. १९८६ मध्ये तो लंकामलाईच्या परिसरात पुन्हा सापडला. पण रात्री फिरणारा, माणसाची चाहूल लागताच सटकणारा पक्षी मोजायचा कसा? अभ्यासकांनी झुडपांमधून बारीक मातीचे पट्टे अंथरले आणि सकाळी त्यावर उमटलेले पायांचे ठसे तपासले. जिथे ठसे मिळाले तिथली झुडपं मोजली. हेक्टरी ३०० ते ७०० मोठी, म्हणजे दोन मीटरहून उंच झुडपं, आणि लहान झुडपं हजाराच्या आत, अशी जागा त्याला मानवते असं निघालं. फार दाट नको, फार उघडी नको. झुडपांची दाटी उपग्रहाच्या चित्रांवरूनही आजमावता येते, म्हणून मग आजूबाजूच्या मोठ्या प्रदेशात शोध कुठे घ्यायचा हे सांगता आलं. तेलुगू गंगा कालव्याचं काम या अधिवासावर आलं तेव्हा हीच माहिती हाताशी होती आणि कालव्याचा मार्ग बदलला गेला. पडीक, काटेरी, काही कामाचं नाही असं कागदावर लिहिलेलं रान कुणाचं तरी घर आहे, हे आकड्यांनिशी मांडता आलं.

हिशेब: किती जन्मले, किती उरले

१९४५ साली पॅट्रिक लेस्ली यांनी एक सोपी मांडणी केली. सगळे पक्षी एकसारखे धरायचे नाहीत. वयाप्रमाणे गट पाडायचे, आणि प्रत्येक गटातले किती पुढच्या वर्षापर्यंत जगतात व किती पिल्लं देतात ते लिहायचं. एवढ्या आकड्यांवरून पुढच्या वर्षीची संख्या निघते, तिच्यावरून त्याच्या पुढच्या वर्षीची. आजची गुंतागुंतीची मॉडेलं याच पायावर उभी आहेत.

एक काल्पनिक पक्षी घेऊ. शंभर प्रौढ माद्या आहेत. वर्षभरात शंभरातल्या ९५ जगतात. एका मादीमागे सरासरी पाव मादी-पिल्लू उडण्याइतकं मोठं होतं, म्हणजे शंभर माद्यांची पंचवीस. त्यातली ३० टक्के प्रौढ होईपर्यंत टिकतात, म्हणजे साडेसात. (मोठं व्हायला लागणारी वर्षं सोपेपणासाठी सोडून देऊ.) ९५ अधिक साडेसात म्हणजे १०२.५. संख्या वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढते, आणि वीस वर्षांनी १६४ माद्या होतात. आता फक्त एक आकडा बदला. शंभरातल्या ९५ ऐवजी ९० जगल्या, तर बेरीज ९७.५ होते आणि वीस वर्षांनी ६० माद्या उरतात. वर्षाला शंभरामागे पाच जास्तीचे मृत्यू रानात फिरणाऱ्याच्या लक्षातही येणार नाहीत. पक्षी दिसत राहतात, घरटी होत राहतात, पिल्लं उडत राहतात, आणि तरी संख्या ओसरत असते.

हे मृत्यू तसेच ठेवून घरट्यांची राखण करून तोल सावरायचा म्हटलं, तर नुसती घसरण थांबवायलाही पिल्लांची संख्या एक तृतीयांशाने वाढवावी लागेल. म्हणून जास्त जगणाऱ्या आणि कमी अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत मॉडेल पुन्हा पुन्हा एकच सांगतं: आधी प्रौढ पक्ष्यांचे मृत्यू थांबवा. गिधाडं, माळढोक, अल्बट्रॉस, क्रौंच हे सगळे या गटातले. वर्षाला अनेक अंडी घालणाऱ्या आणि दोन-तीन वर्षंच जगणाऱ्या लहान पक्ष्यांचं गणित उलटं असतं. तिथे घरटी वाचवणं जास्त फळतं. घरटं वाचवणं डोळ्यांना दिसतं, त्याचे फोटो निघतात, म्हणून पैसा सहसा तिकडे वळतो. पक्षी कुठल्या गटातला आहे हे आधी बघितलं पाहिजे.

या हिशेबाची ताकद दक्षिण आशियातल्या गिधाडांच्या बाबतीत दिसली. १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. अधिवासाचा नकाशा इथे काहीच सांगत नव्हता. घरट्यांसाठी झाडं होती, खायला मेलेली गुरं होती. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीवरून कारण शोधलं: गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पण प्रश्न उरला. मरण्याआधी औषध दिलेली जनावरं अशी असणार तरी किती? एवढ्याशा गोष्टीने कोट्यवधी पक्षी जातील?

ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी मॉडेलवर हेच तपासलं. गिधाडं थव्याने जेवतात, म्हणून एक जनावर अनेकांना पुरतं. त्यांना काही दिवसांनी पुन्हा खावं लागतं, म्हणजे वर्षभरात कितीतरी वेळा ती हा धोका पत्करतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. हे सगळं धरल्यावर उत्तर आलं की शंभरातल्या एकाहूनही कमी जनावरांत, ०.१३ ते ०.७५ टक्क्यांत, प्राणघातक मात्रा असली तरी दिसलेली सगळी घसरण होऊ शकते. नंतर भारतात मेलेल्या गुरांची यकृतं तपासली तेव्हा सुमारे १० टक्क्यांत डायक्लोफिनॅकचा अंश सापडला. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली, आणि गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम पर्याय म्हणून पुढे आलं. मॉडेल हाताशी नसतं तर ‘एवढ्याने काय होतंय’ हा युक्तिवाद आणखी किती वर्षं चालला असता, याचा विचार नकोसा वाटतो.

नशिबाचा वाटा

वरच्या उदाहरणात दरवर्षी बरोबर ९५ माद्या जगल्या. खऱ्या जगात एखादं वर्ष दुष्काळाचं असतं, एखादं वादळाचं. संख्या मोठी असेल तर चांगली-वाईट वर्षं सरासरीत मिसळून जातात. संख्या लहान असेल तर एकच वाईट वर्ष पुरतं. वीस पक्षी उरले असतील आणि त्या वर्षीची सगळी पिल्लं योगायोगाने नर निघाली, तरी गणित कोसळतं. अमेरिकेतल्या डस्की सीसाइड स्पॅरो या चिमणीच्या उपजातीचे शेवटी उरलेले सगळे पक्षी नर होते. त्यांतला शेवटचा १९८७ मध्ये गेला.

हीथ हेन या गवताळ भागातल्या कोंबडीसारख्या पक्ष्याचं तर आणखी वाईट झालं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून शिकारीमुळे संपल्यावर तो मार्थाज व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरला. १९०८ मध्ये तिथे त्याच्यासाठी राखीव जागा केली तेव्हा पन्नासच्या आसपास पक्षी होते. संरक्षण मिळाल्यावर ते हजाराच्या पुढे गेले. सगळं चांगलं चाललं होतं. १९१६ मध्ये विणीच्या हंगामात वणवा लागला. त्यानंतरचा हिवाळा कडाक्याचा आला आणि त्यात शिकारी पक्ष्यांची संख्या वाढली. पुढे पाळीव टर्कींकडून आलेला रोग पसरला. १९२७ पर्यंत जेमतेम डझनभर उरले, त्यांतही बहुतेक नर. शेवटचा नर १९३२ मध्ये दिसला. एकाच ठिकाणी हजार पक्षी असणं आणि चार ठिकाणी अडीचशे असणं यात केवढा फरक आहे, हे इथे कळतं.

म्हणून आजची मॉडेलं भविष्य एकदाच मोजत नाहीत. चांगलं वर्ष, वाईट वर्ष, वादळ, रोग, नर-मादीचं प्रमाण हे सगळं त्या त्या शक्यतेनुसार सोडतीने ठरवत पुढची शंभर वर्षं हजारदा चालवून बघतात. त्या हजारांतून कितीदा संख्या शून्यावर आली, तेवढी नामशेष होण्याची शक्यता. मार्क शेफर यांनी १९८१ मध्ये सुरक्षित संख्या कशाला म्हणायचं याची चाचपणी करताना, हजार वर्षं टिकण्याची ९९ टक्के शक्यता असा निकष सुचवला होता. अशा टक्क्यांवर भविष्यवाणी म्हणून विश्वास ठेवू नये असं मला वाटतं. आत घातलेले आकडेच मुळात अंदाजाचे असतात. पण दोन उपायांची तुलना करायला ते उत्तम. वीजवाहिन्या हटवल्या तर किती फरक पडतो, कुंपण घातलं तर किती, या प्रश्नांची उत्तरं अंदाज थोडे चुकले तरी सहसा तीच राहतात.

दोन्ही एकत्र आल्यावर

कर्टलंड्स वॉर्बलर हा माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकवणारा पक्षी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तो जॅक पाइन या झाडांच्या तरुण रानातच वीण करतो. झाडं साधारण पाच ते वीस वर्षांची हवीत, खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या हव्यात, कारण घरटं त्यांच्या आडोशाने जमिनीवर असतं. झाडं मोठी झाली, खालच्या फांद्या वाळल्या, की पक्षी ती जागा सोडतो. म्हणजे या पक्ष्याच्या नकाशाला मुदत असते. जंगल नुसतं राखून ठेवलं तर पंधरा-वीस वर्षांत ते त्याच्या कामाचं उरत नाही. पूर्वी वणवे लागायचे आणि त्यांमागून नवं रान उगवायचं. माणसाने वणवे विझवायला सुरुवात केली आणि त्याची घरंच कमी झाली.

त्यात दुसरी भर पडली. जंगलतोडीमुळे काउबर्ड हा पक्षी त्या भागात शिरला. तो कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. बहुसंख्य घरट्यांत काउबर्डची पिल्लं वाढू लागली. १९७२ पासून काउबर्ड पकडायला सुरुवात झाली. घसरण थांबली, पण संख्या वाढेना. १९८७ मध्ये गाणारे नर मोजले तेव्हा ते फक्त १६७ भरले. हिशेबातला पिल्लांचा आकडा सुधारला होता, पण त्या पिल्लांना राहायला रान नव्हतं. १९८० मध्ये मॅक लेक इथे आटोक्याबाहेर गेलेल्या आगीने दहा हजार हेक्टरच्या आसपास जंगल जाळलं होतं. तिथलं नवं रान योग्य वयाला आलं आणि १९९० नंतर संख्या झपाट्याने चढली. जोडीला ठरवून झाडं तोडून नवी लावण्याचा क्रमही चालू होता, म्हणजे दरवर्षी कुठला ना कुठला पट्टा योग्य वयाचा राहील. २०१२ पर्यंत गाणारे नर दोन हजारांवर गेले आणि २०१९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. नुसते काउबर्ड पकडून किंवा नुसतं रान वाढवून हे झालं नसतं.

नकाशा आणि हिशेब एकमेकांवर ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. काही जागा पक्ष्यांनी भरलेल्या असतात, पण तिथे जन्मापेक्षा मृत्यू जास्त असतात. शेजारच्या चांगल्या जागेतून पक्षी येत राहतात म्हणून त्या भरलेल्या दिसतात. गळक्या हौदात शेजारून पाणी पडत असलं की तो भरलेला वाटतो, तसं. रोनाल्ड पुलियम यांनी १९८८ मध्ये याचा हिशेब मांडला. गणना करणारा अशा जागेला उत्तम अधिवास म्हणतो, आणि खरी पिल्लं देणारा लहानसा तुकडा दुर्लक्षित राहून नष्ट होतो.

त्याहून क्रूर म्हणजे पक्ष्यालाच जागा चांगली वाटते आणि तिथे तो मरतो. युरोपातला कॉर्नक्रेक उंच गवताच्या कुरणात घरटं करतो, आणि यंत्राने गवत कापताना पिल्लं मरतात. कुरण तर नकाशावर गडद रंगातच राहतं. ब्रिटनमध्ये कापणी उशिरा करायला आणि मधून सुरू करून कडेकडे न्यायला शेतकऱ्यांना मोबदला दिला गेला, म्हणजे पक्ष्यांना बाहेर पळायला वाट मिळते. संख्या पुन्हा वाढली. मुख्य बदल होता तो कापायची वेळ आणि दिशा यांचा.

माळढोकाचं दुखणं याच जातीचं. हा जड, मोठा पक्षी. एका वेळी सहसा एकच अंडं. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचं कमी दिसतं, आणि ऐनवेळी झटकन वळता येत नाही. राजस्थानातल्या वाळवंटी गवताळ प्रदेशात त्याचे उरलेले बहुतेक पक्षी आहेत, एकूण दीडशेच्या आसपास, आणि त्याच मोकळ्या, उन्हाच्या, वाऱ्याच्या प्रदेशात सौर आणि पवन ऊर्जेचे प्रकल्प व त्यांच्या तारा आल्या. गवत तेच, किडे तेच, नकाशा तोच, पण प्रौढ पक्षी तारांवर आदळून मरतात. वर दिलेल्या शंभरातल्या पाचच्या हिशेबाचीच ही जात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याबद्दल आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. अशा वादात पक्षी कुठल्या भागातून उडतात याचा नकाशा आणि वर्षाला किती मृत्यू ही संख्या सोसू शकते याचा हिशेब, दोन्ही समोर असतील तर कुठल्या तारा आधी हलवायच्या हे ठरवता येतं. संख्या एवढी लहान असताना मला स्वतःला ‘किती मृत्यू चालतील’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ दिसत नाही. उत्तर शून्याच्या आसपासच येतं.

कधी कधी नकाशा स्वतःच हलतो. हवाई बेटांवरच्या रानपक्ष्यांना डासांतून होणारा मलेरिया मारतो. माणसांबरोबर आलेले डास आणि हा रोग उंचावरच्या थंडीत टिकत नाहीत, म्हणून पक्षी डोंगरमाथ्यांवर उरले. तापमान वाढतंय तशी डासांची रेषा वर चढतेय. काउआईसारख्या कमी उंचीच्या बेटावर पक्ष्यांना आणखी वर जायला डोंगरच उरलेला नाही. तिथल्या अकिकिकी पक्ष्याकडे मोजकी वर्षं आहेत असं मॉडेलं सांगत होती, म्हणून उरलेले पक्षी आणि अंडी बंदिवासात हलवण्याचा निर्णय झाला. आणि एका जिवाणूमुळे ज्यांचा स्थानिक माद्यांशी झालेला समागम निष्फळ ठरतो, असे नर डास जंगलात सोडायला सुरुवात झाली, म्हणजे डासांची पुढची पिढी कमी होईल.

शेवटी स्पॉटेड आउल. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जुन्या, उंच जंगलांतलं हे घुबड. १९८८ मध्ये रसेल लँड यांनी नकाशा आणि हिशेब एकाच समीकरणात आणले. पिल्लू आईबापांपासून निघालं की त्याला जुन्या जंगलाचा मोकळा तुकडा शोधावा लागतो. तुकडे विरळ झाले तर ते सापडण्याआधीच मरतं. त्यामुळे जुनं जंगल एकूण प्रदेशाच्या सुमारे २० टक्क्यांखाली गेलं तर उरलेल्या तुकड्यांतूनही घुबड संपेल, असं गणित आलं. घुबड संपायला शेवटचं झाड तुटेपर्यंत थांबावं लागत नाही, ही गोष्ट लाकूडतोडीच्या वादात मोलाची ठरली. १९९० मध्ये या घुबडाला कायद्याचं संरक्षण मिळालं, १९९४ मध्ये वायव्येकडच्या सरकारी जंगलांसाठी मोठी योजना आली आणि जुन्या जंगलाची तोड खूप कमी झाली.

घुबडं तरीही घटत राहिली. पूर्वेकडून बार्ड आउल हे थोडं मोठं, जास्त आक्रमक घुबड पसरत आलं होतं आणि तेच जंगल त्याने व्यापलं. नकाशा बरोबर होता, हिशेबही बरोबर होता. त्यात एक प्रतिस्पर्धी धरलेला नव्हता. मग काही भागांत बार्ड आउल मारून आणि काही भागांत तशीच ठेवून अनेक वर्षं तुलना केली गेली. जिथे ती राहिली तिथे स्पॉटेड आउल वर्षाला सरासरी १२.१ टक्क्यांनी घटली. जिथे हटवली तिथे घसरण ०.२ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने पुढची तीस वर्षं बार्ड आउल मारण्याची योजना मंजूर केली, आणि त्यावर तीव्र वाद आहे. एका घुबडासाठी दुसऱ्याच्या जिवावर उठणं मलाही जड जातं. पण ही योजना कुणाच्या मताने निघालेली नाही. आधी लहान भागात करून बघितलं, न केलेल्या भागाशी ताडून बघितलं, मगच ती मोठ्या प्रदेशासाठी आखली, आणि म्हणून मी तिच्या बाजूने आहे.